जीन आणि पाठ यांच्यामध्ये

माझे गाव माथेरान. महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर ते वसले आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि त्यानंतर येथे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. पण मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तिथून पुढे तांबड्या मातीच्या वाटा सुरू होतात आणि त्या वाटांवर घोडे चालतात. अलीकडच्या वर्षांत ई-रिक्षाही दिसू लागल्या आहेत. तरीही माथेरान म्हटले की लोकांना आठवतो तो घोडाच.

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून घोडी आहेत. लहानपणी मला अंगाईपेक्षा टापांचा आवाज अधिक ओळखीचा होता. घरात शिरताच ओल्या गवताचा, चामड्याचा आणि घामाचा एक मिश्र वास येई. पाहुण्यांना तो नकोसा वाटे. आम्हांला मात्र तो घराचाच वास वाटे. मी नववीत शाळा सोडली. बाबांचे गुडघे दुखू लागले होते आणि लगाम धरून दिवसभर चढउतार करणे त्यांना जमेनासे झाले होते. २००५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मी बिजलीचा लगाम हातात घेतला. बिजली ही आमची तांबूस रंगाची घोडी. सात वर्षांची, शांत, आणि लहान मुलांना पाठीवर घेताना तर विशेषच सावध.

त्याच वर्षी जुलै महिन्यात कोकणावर भयंकर पाऊस कोसळला. रेल्वेचा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडावे लागले. पावसाळा संपला आणि पर्यटक येऊ लागले, तेव्हा दस्तुरी नाक्यावर घोड्यांची मागणी वाढली. मला वाटले, हीच संधी आहे. बाबांना जे जमले नाही ते आपण करून दाखवावे.

बाबांची पद्धत जुनी होती. चामड्याच्या जिनाखाली ते एक जाड घोंगडी घडी करून घालत आणि तिच्यावर सुती गोधडीचा तुकडा. घोंगडी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका धनगराकडून घेतलेली होती. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. वर्षानुवर्षे वापरून तिची खळ गेली होती आणि ती मऊ, विरविरीत झाली होती. चढावर जीन मागे सरके, उतारावर पुढे येई. मग मध्येच थांबून तंग सैल करायचा, गादी सरळ करायची, तंग पुन्हा आवळायचा. मला त्याची लाज वाटे. शहरातले लोक हसतील, असे वाटे.

ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. शार्लट तलावाकडे जाणाऱ्या उतारावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा बिजलीच्या पाठीवर बसला होता. तो एका बाजूला वाकून झाडावरची माकडे पाहू लागला. तेवढ्यात जिनाखालच्या घड्या एकमेकींवरून सरकल्या आणि जीन मुलासकट उजवीकडे कलंडले. मी धावलो. मुलगा माझ्या हातांत आला, म्हणून बरे. बिजली जागच्या जागी खिळून उभी राहिली. ती एक पाऊल जरी उधळली असती, तरी काय झाले असते ते आठवून आजही माझ्या अंगावर काटा येतो. मुलाच्या आईने मला काहीही बोल लावला नाही. तिने फक्त मुलाला खाली उतरवले आणि त्याचा हात धरून ती चालू लागली. ते न बोलणेच मला लागले.

त्या रात्री मी ठरवले की आता न घसरणारी गादी आणायची. चार दिवसांनी मी शहरात गेलो. एका दुकानात मला हवी तशी गादी मिळाली. वरून निळे चकचकीत कापड, आत जाड फोम आणि खाली रबरासारखा, हाताला चिकटणारा थर. दुकानदार म्हणाला, “ही घातलीत की जीन तसूभर हलणार नाही.” त्याने गादी काचेच्या टेबलावर ठेवून ओढून दाखवली. ती खरोखरच हलली नाही. तीन दिवसांची कमाई देऊन मी ती विकत घेतली आणि डोक्यावर घेऊनच घाट चढलो.

बाबांनी गादी हातात घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली, उलटीसुलटी केली. म्हणाले, “हिला श्वास नाही रे.” मी हसलो. मला वाटले, जुन्या माणसांना नवे काही रुचतच नाही.

पहिले आठ दिवस मी जिंकल्याच्या आनंदात होतो. जीन खरोखरच हलत नव्हते. मध्ये थांबावे लागत नव्हते, त्यामुळे दिवसाला एक फेरी अधिक होई. पण दुसऱ्या आठवड्यात बिजली बदलली. जीन घेऊन जवळ गेलो की ती कान मागे पाडी. तंग आवळताना मान वळवून माझ्या दंडाकडे तोंड आणी. खरारा करताना पाठीवर हात गेला की पाठ खाली दाबून घेई. उतारावर आखडून चाले. मी म्हणालो, घोडी आळशी झाली. फेऱ्या वाढल्या म्हणून नखरे करते. आणि एके दिवशी दस्तुरीच्या वाटेवर ती अडली, तेव्हा मी तिला छडी मारली.

हे लिहिताना माझा हात थांबतो. पण ते लिहिले पाहिजे. ज्या घोडीने एका अनोळखी मुलासाठी जागच्या जागी उभे राहून दाखवले, तिला मी मारले. आणि तेही ती जे सांगत होती ते मला कळले नाही म्हणून.

संध्याकाळी जीन उतरवताना बाबा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी गादी बाजूला केली आणि बिजलीच्या पाठीवरून तळहात फिरवला. मानेच्या मुळाशी, खांद्यांवर जो उंचवटा असतो, तिथे त्यांचा हात थांबला. केस ओले होते, कातडी गरम होती आणि दोन्ही बाजूंना रुपयाएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. बाबा मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त कंदील खाली ठेवला आणि कोमट पाणी आणायला सांगितले.

दोन दिवसांनी पशुवैद्य डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पाठ तपासली, जीन तपासले, गादी तपासली. मग मला विचारले, “तुमच्या पायातला बूट घट्ट झाला, तर तुम्ही त्यात जाड मोजा घालाल का?”

“नाही,” मी म्हणालो. “बूट आणखी घट्ट होईल.”

“मग इथे तेच केलंत. जीन तिच्या पाठीला बेताचंच बसत होतं. त्याखाली तुम्ही दोन बोटं जाडीची गादी घातली. आता ते दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतं. वर हे रबर. घाम शोषून घेत नाही, हवा लागू देत नाही. गादी घसरली नाही हे खरं. पण ती घसरत नाही म्हणून तिच्याखालची कातडी ओढली गेली.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “बिजलीनं तुम्हांला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही, एवढंच.”

पाठ पूर्ण भरून येईपर्यंत जीन घालायचे नाही, असे त्यांनी बजावले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी होती. आमच्या धंद्यात वर्षभराचा भार पेलणारे जे थोडे दिवस असतात, त्यांतले हे दिवस. नाक्यावर माणसांची रीघ लागली होती आणि आमची घोडी गोठ्यात उभी होती. त्या वर्षी घरात नवे कपडे आले नाहीत. किराणा उधारीवर आला. शेजाऱ्याने सुचवले, “जखमेवर फडकं बांध आणि चार फेऱ्या मार, कोणाला कळतंय?” मी बाबांकडे पाहिले. ते म्हणाले, “तिला कळेल.” तो विषय तिथेच संपला.

त्या रिकाम्या पाच आठवड्यांत मी प्रथमच या साध्या वस्तूचा विचार केला. मराठीत ‘खोगीरभरती’ असा एक शब्द आहे. निरुपयोगी गोष्टी भरून जागा अडवणे, असा त्याचा अर्थ. जुन्या काळी कापडाचे खोगीर शिवून त्यात हाती लागेल ते भरीत, त्यावरून हा शब्द आला. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारकडून मिळे आणि शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. पण घोडा कोणाचाही असो, दूरच्या मजला मारताना त्याची पाठ शाबूत राहणे हे खोगिरावरच अवलंबून असणार. ज्याला भाषेने टाकाऊपणाचे नाव दिले, त्या भरणावरच घोड्याचे सुख उभे असते. खोगिरात काय भरले आहे, हे स्वाराला दिसत नाही. घोड्याला मात्र पावलोपावली कळते.

जिनाखालच्या गादीची कामे तीन. घाम शोषणे, भार पसरवणे आणि जीन जागेवर ठेवायला मदत करणे. मी तिसरेच काम पाहिले आणि पहिली दोन विसरलो. शिवाय ‘मदत करणे’ हे शब्दही मी विसरलो होतो. जीन घसरते त्याची कारणे अनेक असतात. ते पाठीच्या घडणीला बसणारे नसते, तंग सैल असतो, स्वार एका अंगावर बसतो. चढावर जीन मागे जाऊ नये म्हणून छातीचा पट्टा असतो, उतारावर पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून दुमची असते. हे सारे ठीक केल्यावर उरलेली थोडीशी घसरण गादीने थांबवायची. सगळ्यांचे काम एकट्या गादीवर टाकले, की ती घोड्याच्या कातडीलाच धरून बसते.

पाठ बरी झाल्यावर मी पुन्हा गादी घ्यायला निघालो, तेव्हा बाबा बरोबर आले. या वेळी आम्ही लोकरीचा नमदा पाहिला. नमदा विणलेला नसतो. लोकर भिजवून, साबणाच्या पाण्यात दाबून, लाटून तो बनवतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि दोऱ्यावाचून घट्ट थर तयार होतो. काश्मीर, राजस्थानातील टोंक आणि गुजरातमधील कच्छ येथले कारागीर ही विद्या आजही जपून आहेत. नमद्याची ओळख माणसाला फार जुनी आहे. सैबेरियातील अल्ताई पर्वतात, बर्फात गोठून राहिलेल्या थडग्यांत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची नमद्याची खोगिरे सापडली आहेत.

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. घाम आत ओढला गेला की पाठ निसरडी होत नाही, आणि तंतूंचा राठपणा केसांना व चामड्याला हलकेच धरून ठेवतो. म्हणजे नमदाही घसरत नाही. पण तो रबरासारखा चिकटत नाही. धरणे आणि चिकटणे यांतला हा फरक कळायला मला एक दिवाळी मोजावी लागली.

दुकानात बाबांनी जी परीक्षा घेतली, ती मी आजही घेतो. गादीचा थर अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जोर लावून दाबायचा. दोन्ही बोटांना एकमेकांचा स्पर्श जाणवला, तर स्वाराच्या वजनाखाली ती गादी असून नसल्यासारखीच. काठाचा नमदा चिमटीने ओढून पाहायचा. पुंजके सुटून आले तर तो एक पावसाळाही टिकणार नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन काठाचे चार तंतू जाळून पाहायचे. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. सुती गादी स्वस्त असते, सहज धुता येते, पण भिजली की लवकर वाळत नाही आणि तिला चुण्या पडतात. रोजच्या स्वारीत एक चुणी म्हणजे बुटातला एक खडा.

जाडीही बेताची हवी. आम्ही पाऊण इंचाहून कमी जाडीचा नमदा निवडला आणि आधी जीन घालून पाहण्याच्या बोलीवरच तो घरी आणला. आकार जिनापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठा. गादीचा काठ जिनाखाली आला तर तोच रुततो. मधोमध कण्यावर शिवण नको. खांद्यावरच्या उंचवट्यापाशी गादीला वर उचललेला बाक हवा. त्यावर आम्ही धुता येईल असा सुती अभ्रा शिवून घेतला.

वस्तू चांगली असली तरी ती घालण्याची रीत असते. आधी खरारा करून पाठ स्वच्छ करायची. माथेरानची तांबडी माती दिसायला सुंदर, पण गादीखाली गेली की ती काचकागदासारखी घासते. गादी थोडी पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवायची, म्हणजे केस उलटे दुमडत नाहीत. जीन ठेवले की गादीचा पुढचा भाग जिनाच्या पोकळीत वर ओढून घ्यायचा. उंचवट्यावर ती ताणलेली राहता कामा नये. तंग एकदम आवळायचा नाही. थोडा आवळून घोड्याला चार पावले चालवायचे, मग पुन्हा आवळायचा.

कामावरून आल्यावर गादी झटकून, उलटी करून सावलीत वाळत टाकायची. नमदा गरम पाण्याने धुतला तर आटतो. थंड पाणी आणि सौम्य साबण पुरे. साबण मात्र पूर्ण निघाला पाहिजे. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात, म्हणून प्रत्येक घोड्याला दोन गाद्या आळीपाळीने वापराव्या लागतात. आणि एका घोड्याची गादी दुसऱ्याला कधीही घालायची नाही. गजकर्णासारखा कातडीचा रोग त्याच वाटेने पसरतो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र दुकानात होत नाही. ती रोज संध्याकाळी होते. जीन उतरवल्यावर घोड्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा ओला असला तर सारे ठीक. ओल्या पाठीत मध्येच एखादा कोरडा डाग दिसला, तर थांबावे. बहुधा तिथे इतका दाब पडलेला असतो की घामसुद्धा सुटलेला नसतो. तो डाग वाचता आला, तर जखम टळते. मी नववीत शाळा सोडली. पण वाचन असेही असते, हे त्या गोठ्यात शिकलो.

बिजली त्यानंतर चौदा वर्षे आमच्याकडे होती. नव्या गादीला तिने पहिल्या दिवशी हुंगून पाहिले. मी तंग आवळला तेव्हा तिने कान मागे पाडले आणि मी हात थांबवला. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग तिने मान खाली घातली आणि मी दुसरे भोक घेतले. तिची पाठ पूर्ण भरून आली. पण सोलवटल्या जागी जे केस उगवले ते पांढरे उगवले. तांबूस पाठीवर ते दोन पांढरे ठिपके शेवटपर्यंत राहिले. पर्यटक विचारत, “हे जन्मापासूनच आहेत का हो?” मी सांगत असे, “नाही. ते माझे आहेत.”

आज माझी मुलगी शाळेतून आली की गोठ्यात येते. परवा तिने विचारले, “बाबा, गादी चांगली आहे की नाही हे कोणाला विचारायचं?” दुकानदाराला, स्वाराला, की मला, असे तिच्या मनात असावे. मी तिचा हात धरला आणि नुकतेच जीन उतरवलेल्या घोड्याच्या पाठीवर ठेवला. तळहाताखाली पाठ उबदार होती, सारखी ओली होती. घोडा कान हलवत गवत खात राहिला.

“हिला,” मी म्हणालो. “या पाठीला विचारायचं. रोज.”